केस सरळ करा, पण कशानं ते बिलावर लिहा

कराडमध्ये माझं लेडीज पार्लर आहे आणि मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे. या दोन गोष्टी एकाच बाईत कशा, असं अजूनही अधूनमधून कोणीतरी विचारतं. 'डिग्री वाया गेली म्हणायची,' असं एका लग्नात एक मावशी माझ्यादेखत म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं. पण तुळशीचं लग्न लागलं की जी लग्नसराई सुरू होते, तिच्या एका आठवड्यात माझ्या खुर्चीवर जेवढे रासायनिक बंध तुटतात आणि जुळतात, तेवढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षांत पाहिले नव्हते. आणि प्रयोगशाळेत निदान प्रत्येक बाटलीवर नाव असायचं.

तेच नाव मला हवंय. गिऱ्हाईकाच्या केसातल्या प्रथिनाची रचना कायमची बदलणारं कुठलंही रसायन पार्लरमध्ये वापरलं, तर त्याचं खरं नाव बिलावर लिहिलेलं असलं पाहिजे. 'केराटिन', 'सिस्टीन', 'हेअर बोटॉक्स', 'नॅनोप्लास्टिया' ही दरपत्रकावरची नावं झाली. त्यांवरून किंमत कळते, आत काय आहे ते कळत नाही. आपल्या केसातला कुठला बंध तुटणार आणि कशानं तुटणार, हे कळायचा बाईला हक्क आहे. आणि तेच रसायन दिवसभर नाकातोंडात घेणाऱ्या कामाच्या मुलींचा हक्क तर तिच्याही आधीचा.

'कुठला बंध' म्हटल्यावर पुष्कळ जणी गोंधळतात, म्हणून आधी केसाचं सांगते.

केस म्हणजे जवळपास सगळं केराटिन नावाचं प्रथिन. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण नुसती साखळी काही कामाची नाही. ती ठरावीक घडीत बसावी लागते आणि बसल्यावर तशीच राहावी लागते. केराटिनची साखळी मळसूत्री वळते, अशा दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालतात, पीळ एकत्र येऊन तंतू होतात आणि तंतूंचे जुडगे मिळून केस. हा डोलारा प्रामुख्यानं तीन प्रकारच्या बंधांवर उभा आहे, आणि माझा धंदाही त्या तिघांवरच चालतो.

पहिला हायड्रोजन बंध. एकेकटा अगदी लेचापेचा. पण मळसूत्रात साखळीतला प्रत्येक दुवा पुढच्या चौथ्या दुव्याशी असा बंध करतो, त्यामुळे एका केसात त्यांची संख्या मोजण्यापलीकडची. पाणी लागलं की यांतले पुष्कळ सुटतात, कारण पाण्याचे रेणू मध्ये शिरून स्वतःच बंध करून बसतात. पाणी उडून गेलं की केस त्या वेळी ज्या आकारात असेल त्या आकारात बंध पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलेल्या मुलीच्या केसांना सकाळी लाटा येतात त्या यामुळे. ब्लो-ड्राय, इस्त्री, रोलर, सगळा खेळ या बंधाचा. दमट दिवशी सकाळी सरळ केलेले केस दुपारच्या हळदीला पिंजारून उभे राहतात, तेव्हा नवरीची आई माझ्याकडं रागानं बघते. हवेतल्या ओलाव्यानं बंध सोडले, त्यात माझा काय दोष? पण पाहुण्यांसमोर हे कसं समजावणार.

दुसरा बंध धन आणि ऋण भारांच्या ओढीचा. तो आम्ल-अल्कलीवर हलतो. साबणाचं पाणी अल्कधर्मी, त्यानं केस फुगतात, खरखरीत होतात. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी, त्यानं केस मिटून बसतात. या बंधावर आमचा धंदा फारसा चालत नाही, त्यामुळे पुढं जाऊ.

तिसरा खरा मालक. सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लात गंधकाचा अणू असतो. शेजारच्या साखळीतल्या दुसऱ्या सिस्टीनच्या गंधकाशी तो जुळला की डायसल्फाइड बंध तयार होतो. केस जळल्याचा वास एवढा उग्र का, तर हे गंधक. शरीरातल्या बहुतेक प्रथिनांपेक्षा केसाच्या केराटिनमध्ये सिस्टीन कितीतरी जास्त. हायड्रोजन बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या किमान दहापट डायसल्फाइडला लागते, म्हणून पाणी, वारा, इस्त्री यांना तो दाद देत नाही. नऊवारी नेसणाऱ्या बाईला हे लगेच कळतं: निऱ्या दिवसातून दहादा सुटतात आणि दहादा नीट करता येतात, पण कमरेची गाठ पक्की असेल तर लुगडं जागचं हलत नाही. हायड्रोजन बंध म्हणजे निऱ्या, डायसल्फाइड म्हणजे ती गाठ. जन्मतः कुरळ्या केसांच्या मुलीनं कितीही इस्त्री फिरवली तरी पहिल्या न्हाण्यात कुरळेपणा परत येतो, कारण इस्त्री निऱ्यांपर्यंतच पोचते.

(या जोडीच्या सिस्टीनचा शोध केसात लागलेला नाही. विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला १८१० मध्ये तो एका माणसाच्या मूत्राशयातल्या खड्यात सापडला. खडे आणि केस यांचा संबंध पुढं पुन्हा येणार आहे, आणि तो इतका निरुपद्रवी नाही.)

प्रथिनाची घडी नेमकी कशी असते हे समजायला जगाला ज्या वस्तूंनी मदत केली, त्यांत केस आणि लोकर अगदी पुढं होती. याचं मला पार्लरवाली म्हणून थोडं अप्रूप आहे. इंग्लंडमधलं लीड्स हे लोकरीचं शहर. तिथं विल्यम ॲस्टबरी १९३० च्या दशकात लोकरीच्या आणि केसांच्या धाग्यांतून क्ष-किरण सोडून छायाचित्रं घेत होता. वाफेत केस जवळजवळ दुप्पट ताणता येतो आणि ताणल्यावर क्ष-किरणांचं चित्रच पालटतं, हे त्यानं दाखवलं. म्हणजे आत काहीतरी वळलेलं आहे आणि ते उलगडतंय. मोझार्ट या संगीतकाराच्या केसांचंही त्यानं असं चित्र घेतलं होतं. थोरामोठ्यांचं केराटिन तुमच्या-आमच्यासारखंच निघालं.

वळलेलं आहे ते नेमकं कसं, हे लायनस पाउलिंगला सुचलं ते १९४८ मध्ये ऑक्सफर्डला, सर्दीनं अंथरुणाला खिळलेला असताना. रहस्यकथा वाचून कंटाळा आला तेव्हा त्यानं कागदावर अमिनो आम्लांची साखळी काढली आणि हायड्रोजन बंध नीट जुळतील अशा रीतीनं कागदाला घड्या घालत बसला. त्यातून मळसूत्र निघालं. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं. पूर्णांक नसलेला हा आकडा त्याआधीच्या भल्याभल्यांना मान्यच नव्हता, म्हणून ते चुकत होते. तरी पाउलिंगनं घाई केली नाही, कारण त्याच्या मळसूत्राचं माप ॲस्टबरीच्या केसांच्या चित्राशी थोडंसं जुळत नव्हतं. रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह त्यानं ते १९५१ मध्ये छापलं, आणि माप का जुळत नव्हतं तेही मग उलगडलं: मळसूत्रं एकमेकींना पीळ घालतात, त्यामुळे तिरकी होतात. हे मी इतकं रंगवून सांगतेय, कारण आम्हाला बी.एस्सी.ला प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या पाठ करायला लावल्या होत्या. प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक, चतुर्थक. परीक्षेत लिहिल्या, गुण मिळाले. डोक्यावरचा एक केस उपटून त्यात या गोष्टी दिसतात असं कोणी म्हणालं नाही.

आता गाठ सोडायचं. लंडनमध्ये कार्ल नेस्लर नावाचा जर्मन केशरचनाकार होता. त्यानं १९०५ च्या सुमारास केसांना कायमच्या लाटा आणायची तऱ्हा लोकांना दाखवली. त्याचे सुरुवातीचे प्रयोग गोमूत्र आणि पाण्याचे होते असं सांगतात. प्रयोग बायकोवर, कातारिनावर. तिचे केस जळले, टाळू भाजला. (शोध लावणाऱ्याच्या बायकोचा पुतळा कुठं असतो का, हा वेगळ्या लेखाचा विषय.) पुढं पितळेचे जडशीळ रोलर, अल्कली आणि सहा-सहा तासांची बैठक असा तो प्रकार श्रीमंत बायका पैसे देऊन सोसू लागल्या. गाठ सुटत होती, पण उष्णता आणि अल्कलीच्या दांडगाईनं.

हळुवार वाट सापडली ती भलत्याच कामात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डेव्हिड गोडार्ड आणि लिओनोर मायकेलिस यांना केराटिन एवढं चिवट का, पाचक एन्झाइमना ते का जुमानत नाही, हे शोधायचं होतं. १९३४ मध्ये त्यांनी दाखवलं की अल्कधर्मी द्रावणात थायोग्लायकोलिक आम्ल डायसल्फाइड बंध सोडवतं, आणि मग केराटिन सैल पडतं. हा तोच मायकेलिस, ज्याचं 'मायकेलिस-मेंटेन' समीकरण बी.एस्सी.ची मुलं पाठ करतात. आज रिबॉन्डिंगच्या क्रीमला जो नाकात झोंबणारा वास येतो, त्यात अमोनियाबरोबर या थायोग्लायकोलेटचा वाटा आहे. एवढ्या मोठ्या जीवरसायनशास्त्रज्ञाचं काम आमच्या क्रीमच्या डब्यात येऊन बसलंय, आणि डब्यावर एका हसऱ्या मॉडेलचा फोटो आहे.

रिबॉन्डिंग मी करते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. क्रीम लावायचं, मधूनमधून एक बट बोटाला गुंडाळून ताण बघायचा. गाठी पुरेशा सुटल्या की केस ताण घेतो. जास्त सुटल्या तर हातात तुटून येतो. नेमकं कधी थांबायचं हे घड्याळ सांगत नाही, बट सांगते. मग क्रीम धुऊन काढायचं, केस वाळवायचे, इस्त्रीनं सरळ करायचे आणि त्या सरळ अवस्थेत हायड्रोजन पेरॉक्साइडचं न्यूट्रलायझर लावायचं. त्यानं सुटे गंधक पुन्हा जोडीनं जुळतात, या वेळी नव्या शेजाऱ्याशी. केस आता सरळ, न्हाल्यावरही सरळ. मुळाशी उगवणारा नवा केस मात्र कुरळाच येतो. महिन्याला सेंटीमीटरभर.

इथं एक गोष्ट आहे जी कुठल्याही जाहिरातीत नसते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुटलेले गंधक पुन्हा जुळताना बरोबर जोडीदार कसा शोधतात? क्रिस्टियन अन्फिन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं हा प्रश्न केसावर नाही, गाईच्या स्वादुपिंडातल्या रायबोन्यूक्लिएज या एन्झाइमवर सोडवला. त्यात १२४ अमिनो आम्लं आणि आठ सिस्टीन, म्हणजे चार डायसल्फाइड गाठी. आठ सिस्टीनच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लावता येतात. कामाची त्यांतली एकच. अन्फिन्सननं युरियानं घडी मोडली, गाठी सोडल्या. मग युरिया तसाच ठेवून गाठी जुळू दिल्या, तर त्या वाटेल तशा जुळल्या आणि एन्झाइमचं काम जेमतेम एक टक्का उरलं. तेच युरिया काढून, गाठी थोड्या सैल होतील असं किंचित रसायन ठेवलं, तर काही तासांत सगळ्या गाठी योग्य जागी गेल्या. म्हणजे बरोबर जोड्या कुठल्या, हे ते लेचेपेचे हायड्रोजन बंध आणि तेलकट भागांची पाण्यापासून पळायची धडपड मिळून ठरवतात. गंधकाची गाठ ठरलेल्यावर शिक्का मारते. १९७२ च्या नोबेलमागं हे काम होतं. जिवंत पेशीत तर चुकलेल्या गाठी सोडून पुन्हा मारणारं एक खास एन्झाइमच असतं. त्याच्यामुळं तासांचं काम मिनिटांत होतं.

आणि डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. तिथं पेशी नाही, ते एन्झाइम नाही, चूक दुरुस्त करणारं कोणी नाही. आम्ही न्यूट्रलायझर लावतो तेव्हा काही गंधक जोडीदाराविना राहतात, काही भलत्याशी जुळतात. म्हणून दरवेळी केस आधीपेक्षा थोडा कमजोर होतो. त्यात आधी ब्लीच करून हायलाइट्स केलेले असतील तर आणखी वाईट, कारण ब्लीचनं पुष्कळशा सिस्टीनचं अशा आम्लात रूपांतर होतं की त्यांची जोडी परत कधीच जुळत नाही. गाठ मारायला दोरच उरला नाही. अशा केसावर कोणी रिबॉन्डिंग मागितलं तर मी नाही म्हणते. मग ती बाई समोरच्या गल्लीत जाते. तिथं 'नाही' म्हणत नाहीत.

इथपर्यंत रिबॉन्डिंग. त्याचे तोटे आहेत, पण कायकाय तुटतंय आणि जुळतंय हे निदान ठाऊक आहे. हल्ली मागणी असते ती 'केराटिन'ला. आई मुलीला घेऊन येते आणि म्हणते, 'ताई, हिच्या केसात केराटिन भरून द्या.' ऐकायला पौष्टिक वाटतं. पण डब्यातले केराटिनचे तुकडे केसाला सरळ करत नाहीत; ते वरवर बसतात, चमक देतात. सरळ करतं ते दुसरंच. मूळ ब्राझिलियन पद्धतीत ते फॉर्माल्डिहाइड होतं. ते डायसल्फाइड सोडवत बसत नाही, शेजारच्या साखळ्यांच्या नायट्रोजनमध्ये नवे पूल बांधतं, आणि दोनशे अंशांच्या आसपासच्या इस्त्रीखाली केस त्या सरळ अवस्थेत जखडून जातो. मेडिकल कॉलेजात शव टिकवायला फॉर्मॅलिन वापरतात ते याच गुणामुळं: प्रथिनं जागच्या जागी बांधून टाकायची.

मागं एकदा पुण्याहून एक विक्रेता माझ्या पार्लरमध्ये डेमो द्यायला आला. पांढरा डबा, त्यावर हातानं चिकटवलेलं एक लेबल, घटकांची यादी नाही. 'मॅडम, शंभर टक्के फॉर्मॅलिन-फ्री.' त्यानं एका मुलीच्या बटेवर इस्त्री फिरवली आणि धूर उठला. खुर्चीवर आयब्रोसाठी बसलेली एक मेडिकलची विद्यार्थिनी होती, ती डोळे चोळत म्हणाली, 'ताई, हा आमच्या ॲनाटॉमी हॉलचा वास आहे.' मी त्याला घटकांचा कागद मागितला. तो म्हणाला, कंपनी देत नाही, ट्रेड सिक्रेट आहे. डबा तसाच परत गेला. कुठं गेला ते मला माहीत आहे, कारण पुढच्या महिन्यात शेजारच्या बोर्डावर 'फॉर्मॅलिन-फ्री केराटिन' आलं.

'फ्री' म्हणायची युक्ती साधी आहे. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळलं की त्याचा बहुतेक भाग मेथिलीन ग्लायकॉल होतो. लेबलवर तेच लिहायचं किंवा काहीच नाही. तापवलं की ग्लायकॉल मोडतं आणि वायू परत हवेत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०१० मध्ये असंच उघड झालं. पोर्टलंडच्या पार्लरांतल्या कामाच्या बायकांना डोळ्यांची जळजळ, नाकातून रक्त, श्वासाचा त्रास सुरू झाला. त्यांनी तक्रार केली, तेव्हा राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागानं डबे तपासले. 'फॉर्माल्डिहाइड-फ्री' लिहिलेल्या एका लोकप्रिय द्रावणात ते सरासरी आठ टक्क्यांहून जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं होतं. लक्षात घ्या, तक्रार गिऱ्हाइकांनी केली नव्हती. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं. दिवसभर तो धूर हुंगते ती इस्त्री धरणारी मुलगी.

माझ्याकडं आता असलेली एक मुलगी आधी एका मोठ्या शहरातल्या साखळी पार्लरमध्ये होती. काचेची बंद खोली, एसी चालू, हवा बाहेर जायला वाट नाही, आणि मुलींना सर्जिकल मास्क. तो मास्क धूळ आणि थुंकी अडवतो, वायू नाही. संध्याकाळी डोळे लाल व्हायचे, तर सुपरवायझर म्हणायची की मोबाईल कमी बघा.

फॉर्माल्डिहाइड बदनाम झाल्यावर कंपन्या ग्लायऑक्सिलिक आम्लाकडं वळल्या. 'ऑरगॅनिक', 'नॅनोप्लास्टिया' या नावांखाली आज पुष्कळदा ते असतं. आणि इथं खडे परत येतात. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये वीसहून जास्त रुग्णांची नोंद छापली: केस सरळ करून घेतल्यानंतर काही दिवसांत मूत्रपिंडं अचानक कामातून गेलेल्या बायका. काहींच्या बायोप्सीत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक. २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दिली. तिनं तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्हीदा मूत्रपिंडाला इजा झाली. क्रीममध्ये दहा टक्के ग्लायऑक्सिलिक आम्ल होतं. तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावलं तर त्यांच्याही मूत्रपिंडात स्फटिक आले. आम्ल कातडीतून शरीरात जातं आणि तिथं त्याचं ऑक्झॅलेट होतं. बहुतेक जणी बऱ्या झाल्या. पण आपल्याकडं एखादी बाई लग्नाच्या चार दिवसांनी पोटदुखी-उलट्या घेऊन दवाखान्यात गेली, तर ती डॉक्टरांना काय सांगणार? 'केराटिन केलं होतं.' आणि डॉक्टर म्हणणार, मग त्याचं काय.

नाव लिहिलेलं नसलं की संशोधकांचेही हात बांधले जातात. अमेरिकेत तेहतीस हजारांहून जास्त बायकांचा सुमारे अकरा वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास २०२२ मध्ये आला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण ४.०५ टक्के, अजिबात न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. यातून त्या रसायनांनीच कर्करोग होतो असं सिद्ध होत नाही, आणि अभ्यासकांनीही तसा दावा केलेला नाही. त्या अभ्यासात कुठलं उत्पादन, कुठले घटक याची माहितीच गोळा झालेली नव्हती. तीस हजारांवर बायका आणि एवढी वर्षं, तरी नेमकं कुठल्या रसायनाकडं बोट दाखवायचं हे सांगता येत नाही.

मग कायदा काय करतो? सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी हवी, हे नियमात आहे. २०२० चे स्वतंत्र नियम आहेत आणि राज्यात ते पाहणं अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे. पण ते वेष्टन गिऱ्हाईक कधी बघतं? क्रीम आतल्या खोलीत वाटीत काढलेलं असतं. सुटे डबे, हातानं चिकटवलेली लेबलं, दुसऱ्याच बाटलीत ओतलेलं द्रावण. दुकानं-आस्थापना कायद्याचं म्हणाल तर माझ्यासारख्या तीन-चार बायकांच्या दुकानानं धंदा सुरू केल्याची सूचना दिली की संपलं. खोलीत हवा खेळते का, हे विचारायला आजवर कोणी आलेलं नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. बंदी नको. बंदी आली की डबे परसदारानं येतील. बिलावर तीन ओळी पुरेत: उत्पादनाचं नाव आणि बॅच क्रमांक, केसाची रचना बदलणारं मुख्य रसायन, आणि किती टक्के. सुटा, यादी नसलेला डबा पार्लरमध्ये सापडला तर विकणारा आणि वापरणारा दोघांनाही दंड. जिथं तापवून रसायन वापरतात तिथं हवा बाहेर फेकणारा पंखा सक्तीचा. एसी चालणार नाही, तो तीच हवा फिरवतो.

यावर दोन बाजूंनी टीका होते. शिकलेले पुरुष म्हणतात, मुळात केस सरळ करायचेच कशाला, नैसर्गिक सौंदर्य बघा. त्यांना मी एवढंच विचारते की दर रविवारी मिशीला कलप लावताना निसर्ग कुठं असतो. कुरळ्या केसांवरून शाळेत चिडवलेली मुलगी पहिल्या पगारातून केस सरळ करायला येते, तेव्हा तिला उपदेश करणं माझं काम नाही. तिला खरी माहिती देणं आहे. काही जणी माहिती ऐकून परत जातात, काही बसतात. दोन्ही ठीक.

दुसरी टीका माझ्याच धंद्यातून होते. तालुक्यातल्या पार्लरवाल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी माझ्या बिलाचा नमुना टाकला. चार-पाच जणींनी अंगठे दाखवले. एकीनं लिहिलं, 'असलं वाचून गिऱ्हाईक घाबरून पळालं तर हप्ता तू भरणार का?' प्रश्न खोटा नाही. तिनं कर्ज काढून खुर्च्या घेतल्यात, आणि 'केराटिन'च्या एका बैठकीत आयब्रोच्या पन्नास गिऱ्हाइकांची कमाई आहे. एकट्यादुकट्या पार्लरनं हे केलं तर गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत जाणार, हे मी रोज बघते. सगळ्यांना एकदम लागू झालं तरच यात अर्थ आहे, आणि ते आमच्या ग्रुपच्या हातात नाही, प्रशासनाच्या आहे. तोवर माझ्याकडं येणाऱ्या बाईला वाटीतल्या क्रीमचा मूळ डबा आधी दाखवला जातो, लेबल वाचून दाखवलं जातं. दुसरीकडं जाणाऱ्या बाईनं निदान एवढं करावं: डबा मागावा, मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा. 'फॉर्माल्डिहाइड', 'फॉर्मॅलिन', 'मेथिलीन ग्लायकॉल' किंवा 'ग्लायऑक्सिलिक' यांतला एक जरी शब्द दिसला, किंवा यादीच दिसली नाही, तर त्या खुर्चीवरून उठावं.